डिमेन्शिया असलेल्यांसाठी केअर होम शोधताय? नियम दाराची रुंदी सांगतात, देखभालीचं काय?

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. म्हणजे या वयातल्या दर १०० जणांमागे साधारण ७ जण. बहुतेकांना घरचेच सांभाळतात. त्यातही भार पडतो तो बायको, सून किंवा लेकीवर. घरच्यांना हे झेपेनासं झालं, की असिस्टेड लिव्हिंगचा शोध सुरू होतो.

साधा वृद्धाश्रम का पुरत नाही?

डिमेन्शिया म्हणजे नुसता विसरभोळेपणा नाही. जेवलेलं आठवत नाही, संध्याकाळी बेचैनी वाढते, 'घरी जायचंय' म्हणत माणूस बाहेर पडतो. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. रोजचा ठरलेला दिनक्रम आणि ओळखीचे चेहरे यांनीच माणूस शांत होतो. त्यामुळे मदतनीस सतत बदलत राहिले, तर सुंदर इमारतीचाही फायदा होत नाही.

नियम काय सांगतात?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष आणले. रुंद दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशा. हे गरजेचंच आहे, पण ते निकष इमारतीचे आहेत. रात्री किती मदतनीस हवेत, हे त्यातून ठरत नाही.

खर्चाचंही तसंच. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतमधून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. केअर होमचं महिन्याचं बिल कुटुंबालाच भरावं लागतं.

मग काय विचाराल?

- रात्रपाळीला किती जणांमागे एक मदतनीस असतो?
- मदतनिसांना डिमेन्शियाचं प्रशिक्षण कोणी दिलं?
- माणूस चिडला तर काय करता? बांधून ठेवता का? झोपेचं औषध कोणाच्या सल्ल्याने देता?
- न कळवता भेटायला आलं तर चालेल का?
- आजार वाढल्यावरही ठेवून घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात लेखी घ्या. कारण ओळखीची जागा सुटण्याचा त्रास सर्वात जास्त होतो, तो आजार बळावल्यावरच. आणि तेव्हा तक्रार करण्याइतके शब्दही त्या माणसाकडे उरलेले नसतात.