चौरस फुटाचा भाव आणि मिस्त्रीचा रोज

तिसगावात सध्या एक तक्रार पारावर, चहाच्या टपरीवर आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्या पक्षाच्या बैठकीनंतरही ऐकू येते. मजुरी परवडेनाशी झाली आहे. स्वयंपाकघराची फरशी बदलायची म्हटली तरी मिस्त्री तोंडाला येईल तो भाव सांगतात. तक्रार करणाऱ्यांत शेतमालाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेली मंडळीही आहेत, म्हणून तिची दखल घेणे भाग आहे.

माझ्याच घराचा हिशेब मांडतो. स्वयंपाकघर दहा बाय दहाचे; जुनी शहाबादी काढून टाइल्स बसवायच्या होत्या. दर चौरस फुटाला 30 रुपये ठरला, म्हणजे एकूण 3,000. जुनी फरशी उखडणे, राडारोडा बाहेर टाकणे, खालचा थर समतल करणे हे सारे 'त्यातच धरा' असे मी सहज म्हणालो आणि मिस्त्रीने मान हलवली. काम तीन दिवस चालले. बिगाऱ्याला रोज 500 प्रमाणे 1,500 गेले, कटरचे पाते व पेट्रोल यांत 300. उरले 1,200. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने एका कारागिराला दिवसाला 400 रुपये देऊ केले होते, त्याच्याच बिगाऱ्यापेक्षा 100 रुपये कमी! 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे त्याच्या कौशल्याचे मोल मी 88 रुपये केले.

टाइल्सच्या दुकानात मात्र मी घासाघीस केली नाही. वाया जाणारे तुकडे धरून 110 चौरस फूट माल 45 रुपयांनी घेतला, 4,950 रुपये मोजले आणि वर दुकानदाराचे आभार मानले.

मजुरी महाग वाटण्याचे खरे कारण निराळेच आहे. बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये नाटक-संगीताच्या संदर्भात ते दाखवून दिले. यंत्रामुळे जिथे उत्पादकता वाढते तिथला माल स्वस्त होतो, आणि जिथे माणसाचा हातच लागतो ते काम तुलनेने महाग दिसू लागते. गुजरातेत मोरबीच्या भट्ट्यांतून टाइल्सचे डोंगर बाहेर पडतात. त्या बसवायला अजून गुडघेच टेकावे लागतात. मिस्त्री लोभी झालेला नाही.

शिवाय मापावरच्या या मजुरीत सारी जोखीम त्याची. जमीन खचलेली निघाली, एक दिवस वाढला, तर तो दिवस त्याच्या खिशातून जातो. अशा मजुरीत मालकाला देखरेखही करावी लागत नाही, हे मार्क्सने 1867 सालीच 'भांडवल'च्या पहिल्या खंडात सांगून ठेवले आहे. मी तीन दिवस निवांत वर्तमानपत्र वाचत होतो.

धुळीचा हिशेब तर कोणीच करत नाही. कोरड्या कटरने टाइल कापताना जी पांढरी धूळ उडते तीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. कापताना पात्यावर पाणी सोडले तर धूळ पुष्कळ बसते. पण त्याने काम मंदावते, आणि मंद कामाला चौरस फुटात भाव नाही.

पाथर्डी तालुक्यातली असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. कोयता टाकून ज्यांनी थापी हाती घेतली त्यांना गावात राहता आले, एवढेच. बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ राज्यात 2011 मध्ये स्थापन झाले. परंतु नोंदणीसाठी आदल्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर तीन दिवसांनी मालक बदलणाऱ्याने तो कोणाकडे मागायचा? ग्रामपंचायतीतून तो मिळवून देणे हे आपल्या शाखेचे काम आहे. उखडण्याचा दर वेगळा आणि बसवण्याचा वेगळा, असा लेखी ठराव करणे हेही. आणि त्याची अंमलबजावणी कार्यकर्त्यांच्या स्वयंपाकघरापासून व्हावी.

मी मिस्त्रीला वरचे 1,500 दिले, तेव्हा कुठे त्याचा रोज 900 वर गेला. शेजाऱ्यांनी लगेच बजावले, "सर, तुम्ही गावाचा भाव बिघडवता." त्यांच्या घरचे काम दिवाळीनंतर निघणार आहे. मिस्त्री तोच आहे, आणि उखडायची शहाबादी माझ्या दुप्पट.