फुकट खेळाची एमआरपी छापा

दिवाळीत बहिणीकडे बंगळूरच्या येलहंका न्यू टाऊनला गेले होते. तिच्या सासूबाई कोल्हापूरच्या. सासरे गेल्यापासून त्या बहिणीकडेच असतात. त्यांचे फॅमिली पेन्शन गावच्या बँकेत जमा होते. फोन, यूपीआय, पिन हे सगळे नातवाने, म्हणजे माझ्या भाच्यानेच त्यांना लावून दिलेले. पाडव्याच्या दुपारी त्या मला म्हणाल्या, "अगं, बँकेचे सारखे मेसेज येत्यात. मला काय इंग्रजी कळत न्हाई. वाच की जरा."

वाचत गेले. २९ रुपये, ८९ रुपये, पुन्हा ८९, १५९. सगळ्यात मोठी रक्कम ४४९ रुपयांची. सहा आठवड्यांत ४७ मेसेज, बेरीज ६,८१२ रुपये. एकेक रक्कम पाहिली तर दुधाची, भाजीची वाटावी एवढीच. सगळ्या एकाच मोबाइल गेमच्या होत्या.

भाचा बारा वर्षांचा आहे. तो घाबरला होता, पण आपण चोरी केली असे त्याला मनापासून वाटत नव्हते. "मावशी, गेम फ्री आहे गं. मी नुसतं टॉप-अप केलं." पोरगा खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी गेम फुकट होता आणि पैसे गेले होते ते जेमना, म्हणजे गेममधल्या चलनाला. त्याने मला गेममधले दुकान उघडून दाखवले. एक पोशाख ३२० जेमचा. जेमची पाकिटे १००ची आणि ३१०ची. म्हणजे दोन्ही घ्यायची, आणि उरलेले ९० जेम पुढच्या खरेदीची वाट बघत पडून राहायचे. पोशाखाच्या शेजारी उलटे चालणारे घड्याळ: २ तास १४ मिनिटे शिल्लक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर तोच पोशाख आणि तेच घड्याळ, पहिल्यापासून सुरू झालेले. पोशाखाच्या पडद्यावर रुपयाचे चिन्ह कुठेच नव्हते.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही एमआरपी छापावी लागते. आवेष्टित वस्तूंचे २०११चे नियम तसे सांगतात. पुडा घेणाऱ्या पोराला वाचता येवो न येवो, किंमत तिथे असते आणि तिच्यापेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही. या खेळांना मात्र छापील किंमत नाही आणि वरची मर्यादाही नाही. यात खर्च होऊन होऊन किती होईल, हे विकत घेणाऱ्याला आधी कधीच कळत नाही. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

एकदाच पैसे मोजून गेम घ्यायची जुनी रीत महाग वाटते, पण सरळ आहे. दुकानात सीडी घ्यायची, किंमत ऐकून वडील "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे, आणि विषय तिथे मिटायचा. त्याआधी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये रुपया-रुपया टाकून खेळणारी आमची पिढी होती. तेही तुकड्या-तुकड्याने पैसे घेणेच होते, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण नाणे हातातून जाताना दिसायचे. मूठ रिकामी झाली की घरी जावे लागायचे. गल्ल्यावरचा माणूस "अरे, शाळा नाही का?" म्हणून हाकलायचाही.

आजच्या गल्ल्यावर माणूस नाही. या धंद्यात बहुसंख्य खेळणारे एक पैसाही देत नाहीत. मूठभर लोक भरमसाट देतात आणि त्यांच्यावर सगळा गाडा चालतो. धंद्यातली माणसे अशा गिऱ्हाइकाला 'व्हेल' म्हणतात. ज्याला हात आवरत नाही, त्याला हेरायचे आणि त्याच्याकडून काढायचे. तो बारा वर्षांचा आहे की बत्तीसचा, आणि फोन कुणाचा, याची चौकशी जेवढ्यास तेवढी. २०२१ साली बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर झाली होती: दिवसाला ७,००० रुपये. आजींचे सहा आठवड्यांत जेवढे गेले, त्याहून ही एका दिवसाची मर्यादा मोठी!

कायदा कुठे आहे? ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद झाले. चांगले झाले. पण तो कायदा बघतो ते पैसे परत मिळण्याच्या आशेकडे. जिथे पैसे नुसते जातात आणि हाती एक चित्रातला पोशाख येतो, तो खेळ त्यातून सुटतो. ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात खोटी घाई करणे ही क्लृप्ती नावानिशी आहे. भाच्याच्या पडद्यावरचे ते घड्याळ म्हणजे दुसरे काय? अमेरिकेत फोर्टनाइटच्या कंपनीला न मागितलेल्या खरेदीपोटी २४ कोटी ५० लाख डॉलर परत करायला लावले गेले. बेल्जियमने २०१८मध्ये, आत काय निघेल ते न सांगता विकलेल्या पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार रद्दबातल, हे १९०३पासून ठरलेले आहे. नवे काही शोधायचे नाही. असलेले लावायचे आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बहिणीच्या सोसायटीचा वॉचमन यादगीरचा. त्याचा मुलगा बापाच्या साध्या फोनवर तोच गेम खेळतो, आणि जिन्याखाली बसून माझ्या भाच्याला हरवतोही. दोन हजारांचा गेम त्याच्या घरी कधीच आला नसता. फुकटाने त्याला दार उघडले, हे मी नाकारणार नाही. पण म्हणूनच जास्त काळजी वाटते. माझ्या बहिणीच्या घराने ६,८१२ रुपये सोसले. त्याच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा बसतो.

आणि दुसरे, जे आपण बोलत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' हा गेम काढला. भावाला शोधत निघालेली मुलगी, आपली पुराणे, आपली शिल्पे. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही ती माणसे टिकली. एकदा पैसे द्या आणि शेवटपर्यंत खेळा, मध्ये कुणी हात पसरणार नाही. त्याच पुण्यात सुपरगेमिंगने २०२४मध्ये 'इंडस' आणला, तो फुकट. त्यांना दोष देत नाही. आपण मराठी घरे सिनेमाला चौघांचे हजार-बाराशे सहज मोजतो आणि गेम म्हटले की फुकटचाच शोधतो, मग करणाऱ्याने दुसरे काय करावे? वाढदिवसाला पोराला एक पुरा गेम विकत घेऊन द्या. किंमत त्याच्यासमोर मोजा.

सरकारकडे मागणे तीनच: दुकानाच्या प्रत्येक पडद्यावर किंमत रुपयांत हवी, अज्ञान मुलाच्या प्रत्येक खरेदीला पालकाची परवानगी हवी, आणि 'फुकट' लिहायचे असेल तर त्याच अक्षरात आत किती खर्च होऊ शकतो तेही लिहा.

तोवर घरातल्या ज्येष्ठांचा फोन आज रात्री हातात घ्या आणि बँकेचे मेसेज त्यांना मराठीत वाचून दाखवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. न विचारता झालेली खरेदी दिसली तर पहिल्या ४८ तासांतच परताव्याचा अर्ज करा. दाद लागली नाही, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.