नऊ ‘जी’चा वास्तववाद

‘वास्तव’ हा शब्द आपल्या समीक्षेत इतका हाताळला गेला आहे, की वर्गात तो उच्चारताच मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. आज हा शब्द सर्वाधिक हिरिरीने वापरला जातो तो साहित्याच्या वर्गात नव्हे, तर संगणकावर लढाऊ विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींत. ह्या मंडळींत माझीही गणना होते. मराठीच्या प्राध्यापकाने रात्री अकरानंतर जॉयस्टिक हाती धरावी ह्याबद्दल सहकाऱ्यांनी पुरेशी चेष्टा केलेली आहे; तो विषय इथे वाढवत नाही.

वाद आहे तो ‘जी’च्या मर्यादेचा. विमान सरळ उडत असते तेव्हा त्याच्यावर एक जी इतका भार असतो. तीव्र वळण घेतले की भार वाढतो. नऊ जीच्या वळणात सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोच्या वजनाने आसनात रुततो आणि बारा टनांच्या विमानाचे पंख एकशे आठ टन पेलतात. सिम्युलेटर ‘वास्तववादी’ असायचा तर ठरावीक आकडा ओलांडताच पंख तुटला पाहिजे, असे ह्या क्षेत्रातले कर्मठ म्हणतात. पुस्तिकेत नऊ लिहिले आहे ना? मग साडेनऊला तोडा. जो तोडत नाही तो सिम्युलेटर नव्हे, पोरखेळ!

माझा आक्षेप असा, की हा वास्तववाद नव्हे. ही आकड्यांची पोथीनिष्ठा आहे.

पुस्तिकेतला आकडा म्हणजे पंख तुटण्याचा बिंदू नव्हेच. अभियंते ज्याला मर्यादा-भार म्हणतात तो हा आकडा. तिथवर सांगाड्याला कायमचा बाक येऊ नये, एवढीच त्याची हमी. अंतिम भार धरायचा तो सर्वसाधारणपणे त्याच्या दीडपट, म्हणजे नऊ जीच्या विमानासाठी साडेतेरा. ह्या दोहोंच्या मधला प्रदेश हाच खरा वास्तवाचा प्रदेश आहे. तिथे पंख तुटत नाही. पत्रा सुरकुततो, रिव्हेट सैल होतात, कुठेतरी केसाएवढी भेग पडते. वैमानिक परततो, ‘जास्त जी झाले’ अशी नोंद होते आणि तंत्रज्ञ ते विमान बाजूला घेऊन तपासतात. ह्यात नाट्य नाही. पडद्यावर दाखवण्यासारखे तर काहीच नाही.

आणि तो आकडा तरी कुठे एक आहे? विमानाचे वजन, पंखाखालचे बॉम्ब, वळताना विमान कुशीवर फिरते आहे की नाही, ह्यांवर तो बदलतो. अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ विमानाची रचना साडेसात जीसाठी होती, पण नौदलाने वापरासाठी साडेसहाची मर्यादा घातली, कारण विमाने दीर्घकाळ टिकवायची होती. हा आकडा धातूने सांगितलेला नाही, जमाखर्चाने सांगितलेला आहे. एफ/ए-१८चा संगणक साडेसात जीवर हात धरतो, पण दांड्यावरची एक कळ दाबली की वैमानिकाला सुमारे एकतृतीयांश अधिक भार घेता येतो. संकटात विमानापेक्षा जीव मोलाचा, हे रचनाकारांनी आधीच मान्य केलेले असते. मर्यादा हा अशा रीतीने एक करार असतो. आपले कर्मठ त्याला निसर्गनियम समजतात.

शरीराचा मुद्दा ह्याहून जुना आहे. स्पिटफायर मार्क ५ विमानांत सामानाची मांडणी चुकून गुरुत्वमध्य मागे सरकला, की दांडा इतका हलका होई की किंचित ओढताच भार बेसुमार वाढे. काही विमाने हवेतच मोडली. १९४२च्या सुमारास त्यावर उपाय झाला तो पंख जाड करण्याचा नव्हे. नियंत्रणाच्या साखळीत एक वजन बसवले गेले, जेणेकरून जी वाढला की दांडाही जड व्हावा. म्हणजे मर्यादा कळायची ती मनगटाला. माझ्या टेबलावरची प्लॅस्टिकची दांडी दोन जीला आणि दहा जीला सारख्याच लाडीगोडीने मागे येते, आणि मी कायम एक जीत, खुर्चीवर, चहाच्या कपाशेजारी बसलेला असतो.

तरीही माझी मुख्य तक्रार ही नाही. मुख्य तक्रार स्मृतीची आहे. धातू विसरत नाही. प्रत्येक वळण त्याच्यात साठत जाते; ‘थकवा’ हा शब्द अभियंत्यांनी उगाच निवडलेला नाही. ‘आयएल-२ स्टर्मोविक’च्या २०१० मधल्या ४.१० ह्या सुधारित आवृत्तीने विमानागणिक आणि लादलेल्या वजनागणिक बदलणाऱ्या मर्यादा आणल्या, हे पाऊल मोठेच होते. पण एरवी घडते काय? काल मी ज्या विमानाची हाडे खिळखिळी केली, ते आज मला कोरे करकरीत मिळते. भूतकाळ नसलेले विमान म्हणजे भूतकाळ नसलेले पात्र. अशा पात्राच्या अंगरख्याला गुंड्या किती, ह्याचा काटेकोरपणा कशाला मिरवायचा?

२ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात सरावाची हवाई झुंज चालू असताना एका एफ-१५ विमानाचे नाक कॉकपिटच्या मागून तुटून वेगळे झाले. वैमानिक जखमी होऊन वाचला. तो मर्यादेच्या आतच उडत होता. चौकशीत आढळले, की धडातली एक लांबट तुळई आराखड्यात सांगितल्यापेक्षा पातळ घडवलेली होती आणि तिच्यातली भेग वर्षानुवर्षे वाढत गेली होती. पुढे इतर काही एफ-१५ विमानांतही तशा भेगा सापडल्या.

हा प्रसंग कोणत्याही ‘वास्तववादी’ सिम्युलेटरमध्ये घालून पाहा. नियम पाळणाऱ्या खेळाडूचे विमान विनाकारण दुभंगले, तर पहिली ओरड हेच कर्मठ करतील: अवास्तव! अॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता बरी मानली. साडेनऊला तुटणारा पंख ही ती पटणारी अशक्यता आहे. माझा नाटकाला विरोध नाही. नाटकाला दस्तऐवज म्हणण्याला आहे.

आपल्याकडे हेच चालते. ग्रामीण कादंबरीत बोलीचे शब्द किती, अवजारांची नावे अचूक आहेत का, मोट कशी चालते, हे मोजून तिला वास्तववादी ठरवणारे प्रबंध मी तपासले आहेत. एकाला तर मीच मार्गदर्शन केले, हे कबूल केलेले बरे. पहिल्या प्रकरणातल्या कर्जाची भेग दहाव्या प्रकरणात कुठवर पोचली, हे त्यांतल्या एकानेही विचारले नव्हते.

‘असे केले तर खेळात मजा उरणार नाही,’ असे म्हटले जाते. शक्य आहे. मग मजा म्हणा, वास्तव म्हणू नका. मला स्वतःला एवढेच हवे आहे, की मंगळवारी मी ओढाताण केलेले विमान बुधवारी मलाच परत मिळावे, त्याच नोंदवहीसकट, आणि उड्डाणापूर्वी ती नोंदवही उघडण्याची धास्ती वाटावी.