पत्र्याच्या डब्यातले फलंदाज

गेल्या उन्हाळ्यात घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा पोटमाळ्यावरून बिस्किटांचा एक गंजका डबा खाली आला. आत क्रिकेटपटूंची कार्डे! 1987च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर ही कार्डे मिळत. पुढे खेळाडूचा फोटो, मागे धावा नाहीतर बळी छापलेले. ठराविक धावा जमल्या की कार्डांच्या बदल्यात बक्षीस. सोबत, संदीप पाटील ज्याचे संपादक होते त्या ‘एकच षटकार’मधली कापलेली पानेही होती. हा सारा ठेवा माझ्या चुलत्यांचा.

वाचकहो, खरे सांगतो, डबा पाहून माझ्या डोळ्यांपुढे आधी गावसकर आले नाहीत. आली ती पुढल्या सत्राची फी. अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे 1952 सालचे एक कार्ड ऑगस्ट 2022मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकले गेले, म्हणजे आपले सुमारे शंभर कोटी रुपये, हे मी कुठेतरी वाचले होते. शंभर कोटी नकोत, शंभराचा लाखावा हिस्सा तरी मिळेल, असा हिशेब करून कुणालाही न विचारता डबा पिशवीत घातला आणि पुण्याची एस.टी. धरली.

दुकानदाराने कार्डे भिंगाखाली धरली. कोपरे दुमडलेले, काहींच्या पाठीला खळ, एकावर तर निळ्या शाईने मिशा काढलेल्या. “तीनशे देतो,” तो म्हणाला. परतीच्या प्रवासात भिगवणपर्यंत मी त्याला मनातल्या मनात लुटारू ठरवत होतो. नंतर विचार केला, तेव्हा त्याचे फारसे चुकले नाही असे वाटू लागले.

मँटलच्या त्या कार्डाला किंमत का आली? ते सुंदर होते म्हणून नव्हे. त्या मालिकेतले न खपलेले खोके कंपनीने 1960मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवले, असे कंपनीचाच माणूस पुढे सांगत असे. उरलेली कार्डे पोरांनी सायकलच्या चाकात फडफडायला लावली, आयांनी झाडून टाकली. इतरांचे गेले म्हणून एकाचे मोलाचे झाले. पुढे ही गोष्ट सर्वांना कळली, आणि 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतली माणसे कार्डे जपून ठेवू लागली. कंपन्यांनीही मग ढिगाने छापली. परिणाम असा की, त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज कुणी विचारीत नाही. विकण्यासाठीच जमवलेल्या गोष्टीची अशी गत व्हावी, यात मला मोठी गंमत वाटते.

आपल्याकडे दुसरे टोक आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, कुलुपे, वाद्ये जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभारलेला तो अवघा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. हा दाखला देऊन मला एका हितचिंतकाने ऐकवले, “आठवणी विकायच्या नसतात!” या मताशी माझे जमत नाही. केळकरांपुढे मस्तक झुकते. परंतु प्रत्येक घरातल्या डब्याचे संग्रहालय होत नसते. ज्याच्या उसाचे बिल वेळेवर येते त्याने आठवणींचे सोवळे पाळावे. आमच्या घरी फीचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिलेला असतो. जुनी वस्तू विकण्यात पाप नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी चूक झाली ती वेगळीच. जी वस्तू माझी नव्हती, ती मी विकायला नेली होती.

रात्री डबा चुलत्यांपुढे ठेवला आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एकेक कार्ड चुलीशेजारच्या दिव्याखाली लावायला सुरुवात केली.

“श्रीकांत तीन हुते माझ्याकडं. दोन दिऊन ह्यो कपिल घेतला.”

“पण नाना, गमला पैसे कुठून आणायचा?”

“वाढं इकून. ऊस तुटला की फडात शिरायचं, वाढ्याच्या पेंड्या बांधायच्या. म्हशीवाले घ्यायचे. आय म्हणायची, पोरगं लई कामाचं झालं!”

पंधरा धावा कमी पडल्या म्हणून बक्षीस राहिले, हेही त्यांनी सांगितले. ते मिळाले असते तर कार्डे दुकानातच गेली असती. डबा उरला तो हरल्यामुळे. हे त्या पुण्याच्या दुकानदाराला भिंगातून कसे दिसावे? आणि मी तरी त्याला काय सांगणार होतो? मलाच ठाऊक नव्हते. म्हणून आता मी एका वहीत कार्डामागून कार्ड लिहून काढतो आहे: कुणाकडून आले, कशाच्या बदल्यात, कितव्या इयत्तेत.

“इकायचं आसंल तर इक,” नाना म्हणाले. “तुझी फी महत्त्वाची. ह्यो मिशावाला तेवढा ऱ्हाऊ दे.” मिशा त्यांनीच काढल्या होत्या, कुणाला, ते विचारले तर नुसते हसले.

बारामतीच्या एका हौशी गृहस्थांनी वहीसकट सगळ्याचे बावीसशे देऊ केले आहेत. येत्या रविवारी जायचे आहे. नाना म्हणतात, भाव करायला मीच येतो, तुला जमायचं नाही.