काट्याचा काटा काढू नका

विक्रोळीत रस्त्याच्या कडेला मोटारीचं बॉनेट उघडं दिसलं, की तीन मिनिटांत चार तज्ज्ञ जमतात. त्यांतल्या दोघांकडे मोटार नसते, तिसऱ्याला ती चालवता येत नाही आणि चौथा बसची वाट पाहत असतो. पण निदानाबाबत चौघांचं एकमत! "तापमानाचा काटा वर-खाली होतोय ना? थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरजच नाही." पुष्कळ गॅरेजांतले उस्तादही याच पंथाचे. या एकमताविरुद्ध मला आज जाहीर तक्रार नोंदवायची आहे.

मुळात 'आपल्या हवेत' म्हणजे काय? मे महिन्यात मुंबईचा पारा पस्तीशीला टेकला की आपण वर्तमानपत्राने वारा घेत बसतो. पण इंजिनाला सुखाने नांदायला साधारण नव्वद अंश लागतात. त्याच्या दृष्टीने विक्रोळी म्हणजे कायमचं महाबळेश्वर! म्हणून तर तिथे थर्मोस्टॅट नावाचा द्वारपाल बसवलेला असतो. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ऐंशी-नव्वदच्या घरात पोहोचलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर नाही. हा द्वारपालच बडतर्फ केला, तर इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. शिवाय काही इंजिनांत हाच द्वारपाल दुसरी एक पळवाटही बंद करतो. तो गेला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत येतं, म्हणजे थंडाव्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने रोगी आणखी तापतो.

बरं, थर्मोस्टॅट कधीच बिघडत नाही का? बिघडतो की! अडकतो, उशिरा उघडतो. मग नवा बसवावा. कुकरची शिट्टी बिघडली म्हणून कोणी झाकणच टाकून देत नाही.

पण आधी गुन्हा त्याचाच आहे का, हे बघायला नको? काटा नाचतो कसा, हे पाहिल्याशिवाय कोणाला फाशी देऊ नये. हेडलाइट लावताच काटा टुणकन उडाला, तर रोग विजेचा. एखादी सैल अर्थिंगची वायर किंवा सेन्सरची गंजलेली पिन. लोखंडाचं एवढं धूड एका सेकंदात वीस अंश तापत नाही आणि निवतही नाही. काटा सावकाश वर-खाली होत असेल, तर मात्र पाण्याकडे वळावं.

आणि या तपासासाठी विक्रोळीसारखी प्रयोगशाळा नाही. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, तिथे गाडी हलत नाही. पूर्वेला द्रुतगती मार्ग, तिथे ती निदान पहाटे तरी धावते. जून २०२५ मध्ये पूल खुला झाल्यापासून एकीकडून दुसरीकडे जायला घाटकोपर किंवा कांजूरमार्गचा वळसाही नको. शास्त्री मार्गावर काटा चढला आणि द्रुतगती मार्गावर उतरला, तर पंखा फिरतोय का ते पाहा. उलट वेगात असताना चढला, तर रेडिएटर तुंबलेला असेल किंवा पंप थकलेला. पाणी गळत नाही तरी कमी होतं आणि वर बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि बँकेचं पासबुक काढा.

सगळ्यांत घातक म्हणजे काटा एकदम खाली येणं. आपण हुश्श म्हणतो, शेजारी बसलेल्या सौभाग्यवती "बघा, झाली की नीट!" म्हणतात. प्रत्यक्षात पाणी इतकं घटलेलं असतं, की सेन्सर कोरडा लोंबकळत असतो. त्याला पाण्याचा स्पर्शच नाही, मग तो ताप कुणाचा सांगणार? अशा वेळी गाडी थांबवावी, निवू द्यावी, आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत पाणी दाबाखाली असतं. शंभराच्या वर असूनही ते उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच मात्र ते तुमच्या तोंडावर उकळतं.

"विक्रोळीत कुठे बर्फ पडतो? कूलंट कशाला?" हा दुसरा लाडका सवाल. कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं. बर्फाचं काम ते फावल्या वेळात करतं. नळाचं पाणी ओतायची सवय आपल्याला कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात लागली. बिचारी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही निवृत्त झाली, पण डिकीतली पाण्याची बाटली अजून सेवेत आहे.

आता कंपन्याही आपला स्वभाव ओळखून आहेत. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो. एक निळा दिवा, एक लाल दिवा. काहींत काटा असतो, पण दहा-वीस अंशांचा चढउतार गिळून मध्यावर शांत उभा राहायला शिकवलेला. गिऱ्हाईक खूश! ताप आला तर औषध घेण्याऐवजी थर्मामीटर फोडणाऱ्या घराण्याला आणखी काय हवं?

माझं म्हणणं एवढंच, की काटा थरथरतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड बंद करायला पाच मिनिटं लागतात आणि त्याचं ऐकायला अर्धा तास. उरलेल्या पंचवीस मिनिटांत वाचतं ते इंजिन.