बुजविलेल्या पायऱ्या

वाचकहो, जुन्या सार्वजनिक विहिरींच्या पायऱ्या ठिकठिकाणी का बुजविल्या, असा प्रश्न आपणांस पडला असेल. कारण होते नारू. रोगी पाण्यात उतरे, पायाच्या फोडातून कृमीची पिले सुटत, सायक्लॉप्स नामक सूक्ष्म जलजीव ती गिळीत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हात-दोन हात लांबीचा कृमी बाहेर पडे. औषध नव्हतेच, काडीवर गुंडाळीत तो दिवसेंदिवस ओढावा लागे, आणि ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळे. म्हणून १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्या बंद करून, कठडे बांधून पाणी वरून शेंदण्याची सोय करण्यात आली. शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात आढळला. आता कोरीव बारवा मोकळ्या करावयास हरकत नाही; पिण्याचे पाणी मात्र पोहऱ्यानेच काढावे.