मोटारीच्या कांचेवरील धुकें

पावसाळा लागला कीं मुलांना शाळेंत पोंचविणाऱ्या मोटारींच्या कांचा पांढुरक्या होतात. मग ड्रायव्हर एका हातानें स्टिअरिंग धरतो व दुसऱ्या हातानें कांचेवर फडका फिरवितो. वाट दिसूं लागते न लागते तोंच कांच पुन्हां आंधळी! कारण कायम ठेवून परिणाम पुसीत बसणें व्यर्थ आहे. आणि हें कारण जाणणें ड्रायव्हरइतकेंच आंत बसणाऱ्या विद्यार्थ्यांचेंही काम आहे, असें माझें मत आहे.

हवेंत डोळ्यांस न दिसणारी वाफ असते. ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते; तीच हवा २० अंशांवर आली तर सुमारें १७ ग्रॅमच मावते. उरलेली वाफ थंड पदार्थावर सूक्ष्म जलबिंदूंच्या रूपानें बसते. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्यानें १८१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दंवाची उपपत्ति अशीच सांगितली आहे. मोटारींत तरी निराळें काय घडतें? पावसानें कांच निवालेली. आंत दाटीनें बसलेलीं मुलें, ओले रेनकोट, ठिबकणाऱ्या छत्र्या आणि प्रत्येकाचा ओलसर श्वास. शिवाय खिडक्या घट्ट मिटलेल्या!

तेव्हां हवा कोरडी करणें हाच खरा उपाय होय. आंतलीच हवा पुन्हां पुन्हां फिरविणारी कळ बंद करावी व बाहेरची हवा घ्यावी. मोटारींत एअर-कंडिशनर असल्यास तो लावून वारा पुढील कांचेवर सोडावा; त्याच्या थंड नळ्यांवर हवेंतील ओल जमून मोटारीखालीं गळून जाते. तो नसल्यास खिडकी दोन बोटें उघडावी. मळकट कांचेवर धुकें अधिक दाट दिसतें, म्हणून ती आंतूनही स्वच्छ ठेवावी.

मात्र कधीं कधीं धुकें बाहेरून धरतें. थंड वारा फार वेळ कांचेवर सोडला म्हणजे बाहेरची दमट हवा तिच्यावर निवते. अशा वेळीं आंतून कितीही पुसा, उपयोग नाहीं. वायपर फिरवावा व कांचेवरचा थंड वारा कमी करावा. धुकें कोणत्या बाजूस आहे हें आंतून बोट ओढून तत्काळ कळतें.

कोणी म्हणतील, सकाळच्या घाईंत इतका वेळ कोठून आणावा? पालकहो, धूसर कांचेमागून रस्ता ओलांडणारें मूल दिसत नाहीं, आणि तें मूल कोणाचेंही असूं शकेल. कांच निवळेपर्यंत गाडी हलवूं नका. दोन मिनिटें उशिरा आलेल्या विद्यार्थ्यास मी आनंदानें वर्गांत घेईन. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकांतील संघननाचा धडा तुम्ही परीक्षेपुरता पाठ करितां, तो मोटारींत बसतांना आठवा, ओला रेनकोट झटकून मगच आंत चढा, व ड्रायव्हरकाकांना नम्रपणें सांगा, "काका, आधीं कांच निवळूं द्या."